शेवगावचा फण, जामखेडचा फण

आमच्या कारखान्यात पार्टला नंबर नव्हते, गावं होती. नगरच्या एमआयडीसीत एका पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही ट्रॅक्टरला जोडायची पेरणी यंत्रं बनवतो. मी तिथं कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायला लागले, त्या पहिल्याच सकाळी स्टोअरमधून हाक ऐकू आली, "दोन राजूर काढ, सात शेवगाव घे!" मला वाटलं, एसटीची तिकिटं फाडतायत की काय.

हाक स्टोअर सांभाळणाऱ्या चाचांची होती. कारखाना सुरू झाला तेव्हापासून ते तिथं होते. एखादा भाग ज्या गावच्या गिऱ्हाइकासाठी पहिल्यांदा बनला, त्या गावाचं नाव ते त्याला द्यायचे, आणि ते कायमचं चिकटायचं. राजूर म्हणजे यंत्र ट्रॅक्टरला जोडणारा आखूड दांडा. तिकडची वावरं डोंगरउतारावर, एवढी एवढीशी. लांब दांडा लावला तर वळायचं कुठं? मला असल्या गोष्टींचं भारी वेड. आई म्हणते, हिला ताटात भाजी वाढली तरी ही आधी भाजीलाच विचारेल, बाई गं, तू कुठल्या गावची. चहाच्या सुट्टीत मी स्टोअरच्या दारात स्टूल टाकून बसायचे आणि एकेका नावामागचं काढून घ्यायचे. चाचांनाही सांगायला आवडायचं.

मालकांना मात्र नंबर हवे होते. बाहेरगावचे विक्रेते यंत्राबरोबर यादी मागायला लागले होते: कोणता भाग, किती नग, कशाचा. तिला बिल ऑफ मटेरियल म्हणतात, आमच्या तोंडी बीओएम. गंमत अशी की ती हातानं लिहायची नसते. कॉम्प्युटरवर एकेक भाग काढायचा, त्याच्या फाइलमध्ये त्याचा नंबर भरायचा. मग सगळे भाग जोडून अख्खं यंत्र उभं केलं की यादी आपोआप बाहेर पडते. एकाच नंबरचे भाग ती स्वतःच एका ओळीत गोळा करते आणि पुढं आकडा टाकते. पहिल्यांदा तशी यादी पडद्यावर आली तेव्हा मी खुर्चीत बसल्या बसल्या टाळ्या वाजवल्या. वेल्डिंगवाले माझ्याकडं बघायला लागले.

यात नियम एकच. एका वस्तूला दोन नंबर नकोत आणि दोन वस्तूंना एक नंबर नको. मी तर एका वस्तूची दोन नावं कुठं सापडतात, ते हुंगतच फिरत होते. आणि सापडली की! यंत्राच्या खाली सात फण असतात. ते जमिनीत शिरून तास पाडतात आणि मागच्या नळीतून त्या तासात बी पडतं. चाचांच्या मांडणीवर फणांचे दोन ढीग होते, एक शेवगाव आणि एक जामखेड. मी व्हर्नियर घेऊन बसले. लांबी, जाडी, बाक, भोकं, सगळं मोजलं. केसाचाही फरक नाही.

"चाचा, हे दोन्ही एकच आहेत!"

"एकच कसे असतील, बेटा? हा शेवगावला जातो, तो जामखेडला जातो."

मी हसले. मनात म्हटलं, घ्या, मी भाग विचारतेय आणि हे पत्ता सांगतायत. एवढ्या सगळ्या नावांमागचं विचारणारी मी, नेमकं इथंच पुढं विचारलं नाही. दोन्हींना एकच नंबर देऊन टाकला. कशाचा बनलाय, या रकान्यात कॉम्प्युटरनं आपणहून 'स्टील' भरलं होतं, तेही तसंच ठेवलं. मालकांना जाऊन सांगितलं, एक आयटम कमी केला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तो हा असा.

त्याच आठवड्यात चाचा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेले आणि स्टोअर माझ्या यादीवर चालू झालं. तेव्हाच जामखेड तालुक्यातल्या एक ताई यंत्र न्यायला आल्या. स्वतः ट्रॅक्टर चालवणाऱ्या. भाड्यानं दुसऱ्यांची रानं पेरून द्यायची, असा त्यांचा बेत होता. गावात कुणी तयार नव्हतं. एका शेतकऱ्यानं तेवढं चार एकर ज्वारीचं रान देऊन बघतो म्हटलं होतं. "त्यांचं नीट पेरलं तर गाव बोलवील," त्या मला म्हणाल्या, "न्हाई तर टॅक्टर दारात हुबा." मी त्यांना माझी यादी मोठ्या तोऱ्यात दाखवली. नंबर कसे दिले तेही सांगितलं. फण, सात नग.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला.

"म्याडम, तुमचे फण वाकले. पाच वाकले. वाफसा चाललाय, काय करू सांगा."

पाठोपाठ फोटो. पावसानंतर जमीन ना चिखल ना कोरडी, अशी पेरणीजोगी चार दिवसच असते, तेवढं नगरच्या पोरीलाही कळतं. मी गाडी काढली आणि थेट चाचांच्या घरी गेले. ते डोळ्याला पट्टी लावून खाटेवर बसले होते. मी मोबाईल पुढं केला.

"मला काय दिसतंय? काय झालं ते तोंडानं सांग."

मी सांगितलं. ते म्हणाले, "शेवगाव गेला तिकडं. रिक्षा बोलव."

स्टोअरमध्ये त्यांनी दोन्ही ढिगांतला एकेक फण उचलून पान्यानं वाजवला. शेवगावचा ठप्प वाजला. जामखेडचा टणकन, आणि किती तरी वेळ खणखणत राहिला. शेवगावची जमीन काळी, मऊ, तिथं साधं लोखंड चालतं. जामखेडच्या त्या बाजूला खाली मुरूम. म्हणून तो फण ट्रकच्या जुन्या कमानीच्या, म्हणजे स्प्रिंगच्या, कडक पाट्याचा करायचा. आकार तोच, धातू वेगळा. व्हर्नियरला हे कुठून कळावं, आणि मी तर व्हर्नियरलाच देव मानून बसलेली! चाचांनी जामखेडच्या ढिगातले सात फण एकेक वाजवून बाजूला काढले. मालक मला एवढंच म्हणाले, "चूक तुझी. टेम्पोत बस आणि तूच जा."

जामखेडच्या पुढं रानात पोचले तेव्हा दुपार झाली होती. रानाचे मालक बांधावर उकिडवे बसले होते, ताई ट्रॅक्टरपाशी उभ्या. ते मला बघून म्हणाले, "हिला चालवता येईना, आन मशीनला नावं ठिवती." तो माणूस माझ्या चुकीचं खापर ताईंच्या माथी फोडत होता आणि त्या ऐकून घेत होत्या. मला लाज वाटली आणि मी पुढं झाले.

"काका, त्यांची चूक नाही. फण चुकीचे मी दिले."

त्यांनी एक जुना न वाकलेला फण आणि एक नवा हातात घेतला, उलटसुलट केला. "दोनी सारकेच हायेत की!"

मी पाना पुढं केला. त्यांनी एक वाजवला, मग दुसरा. दुसरा पुन्हा वाजवला, कानाजवळ नेऊन. "आयला," ते म्हणाले, "ह्यो येगळाच बोलतोय."

मी आणि ताईंनी यंत्राखाली शिरून फण बदलले. माझी बोटं सोलवटली. मग त्यांनी ट्रॅक्टर पुढं घातला आणि मी मागून चालत राहिले, एकेका तासाकडं बघत. एकही फण वाकला नाही. ऊन कललं तेव्हा काका उठले, धोतर झटकलं आणि ताईंना म्हणाले, "उंद्या धाकट्याच्या रानात या." मला तर रडूच यायला लागलं.

पण रस्त्याच्या कडेचा पट्टा राहिला होता. पहिल्या दोन दिवसांत वाकलेल्या फणांनी तो नुसता खरवडला होता, आणि उघडी पडलेली माती उन्हानं वाळून खडखडीत झाली होती. तिथं आता बी टाकून उपयोग नव्हता. ताई ट्रॅक्टरवरून उतरल्या आणि त्या पट्ट्यापाशी माझ्याशेजारी येऊन थांबल्या.

"ज्वारी काढूस्तर ह्ये असंच दिसनार. रस्त्यानं जानारा इचारनार, कुनी पेरलं? मी माजंच नाव सांगनार." मग त्या माझ्याकडं वळल्या. रागावलेल्या नव्हत्या, खरंच विचारत होत्या. "म्याडम, तुमच्या त्या यादीत ह्या पट्ट्याला काय नंबर हाय?"