बुऱ्हाणपूरकरांचे 'आपल्याकडे'

महेश्वराहून निघाले तेव्हा गल्लीतल्या बायका गाडीभोवती जमल्या होत्या. मी बुऱ्हाणपूरला गोदाला आणायला चालले होते. गोदा माझी एकुलती एक मुलगी. तिला सातवा लागला होता, आणि पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे, यात कुणाला विचारण्यासारखे काही नसते. पण जावयांनी निरोप धाडला होता, की बुऱ्हाणपुरात सरकारी दवाखाना आहे, शिकलेली सुईण मिळते, तेव्हा काय करायचे ते सासूबाईंनी येऊन ठरवावे. ठरवायला काही शिल्लक आहे हेच मला त्या निरोपातून कळले, आणि मी दुसऱ्याच दिवशी गाडी जुंपायला सांगितली.

आम्ही होळकरांची प्रजा. बुऱ्हाणपूर इंग्रजांकडे. मध्ये समुद्र नाही, डोंगर नाही, तरी आमच्या गल्लीत त्या मुलखाविषयी प्रत्येकीला काहीतरी ठाऊक होते. एक म्हणाली, तिकडे दवाखान्यात मुले बदलतात. दुसरी म्हणाली, तिकडचा राजा समुद्रापलीकडे बसतो, त्यामुळे लोकांना कुणाचा धाक नाही, सुना सासूच्या आधी जेवतात. तिसरी म्हणाली, तिकडचे ताक पातळ. यांतली एकही बाई कधी नर्मदा ओलांडून गेलेली नव्हती.

आमच्या ह्यांना दुकान सोडवेना म्हणून धाकटे दीर बरोबर आले. ते बसले की झोपतात, तेव्हा त्यांच्याविषयी पुढे फारसे लिहीत नाही. मी एका तांब्याच्या कळशीत नर्मदेचे पाणी घेतले होते, तोंडाला फडके बांधून. गोदाला त्याची आठवण येत असेल असे मला वाटले होते.

बडवाह्याला आगगाडीत बसलो. मोरटक्क्याच्या पुलावर गाडी हळू झाली, बायांनी नर्मदेच्या पात्रात पैसे टाकले, हात जोडले. खंडव्याला छोटी गाडी सोडून मोठ्या रुळांच्या गाडीत बसायचे. तिथे हमालाने कळशी तिरपी धरली आणि पाव पाणी फलाटावर गेले. मी त्याला बोलले. तो म्हणाला, "बाई, पाणी तर इकडे पण मिळते." मी कळशी त्याच्या हातातून काढून घेतली.

जनानी डब्यात इंग्रजी निमाडच्या तीन बायका होत्या. मी कुठली ते कळल्यावर त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखे पाहिले. त्यांच्या मते आमच्याकडे महाराज निघाले की लोकांच्या गाड्या वेठीला धरतात, राजवाड्यात शिरलेला माणूस बाहेर येईलच असे नाही, आणि बाळंतिणीला वैदू औषध देतो. मी म्हटले, वेठ धरतात हे खरे, बाकीचे खोटे. त्यांनी खरे तेवढे ऐकले. मग त्यांतली सर्वांत म्हातारी म्हणाली, की होळकरांकडचे ताक फार पातळ असते म्हणतात. मला हसू आले नाही. दोन्हीकडच्या बायकांनी पलीकडच्यांच्या ताकात पाणी ओतून ठेवले होते, आणि त्यांतली कुणीच ते प्यायलेली नव्हती.

चांदनी स्टेशन गेल्यावर उजाड माळ संपले आणि कपाशी लागली. शेतेच्या शेते. जमीन काळी, ओली, आमच्यापेक्षा चांगली. ते पाहूनही मला बरे वाटले नाही.

स्टेशनवर जावई माधवराव उभे होते. कचेरीत कारकून आहेत, स्वभावाने गरीब. वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "आपलं सामान कुठाय?" मी म्हटले, आपलं कसलं, माझं एकटीचंच आहे, भाऊजींची एक वळकटी तेवढी. ते जरा गोंधळले. मग त्यांनी टांगा केला. स्टेशनपासून गाव लांब आहे. वाटेत मशिदीचे दोन उंच मनोरे दिसतात, पुढे कोट, दरवाजा, आणि आत शिरले की तारकशांची गल्ली. सोन्याची तार केसासारखी ओढतात. आम्ही महेश्वरच्या बायका लुगड्याच्या काठांचा तोरा मिरवतो, पण त्यातली जर यांच्याकडून येते, हे मी तिथे पाहिले. ती गोष्ट आमच्या गल्लीत मी अजून कुणाला सांगितलेली नाही.

बाजारात जावयांनी टांगा थांबवून माव्याची जिलबी (खव्याची, काळपट, जाडजूड) घेतली. हलवाई मराठी बोलत होता, म्हणजे तिकडे मराठी समजतात तसले. मला म्हणाला, "माई, आपल्या महेश्वरात असी जिलबी भेटत नसेल." मी विचारले, तुम्हीही महेश्वरचे का? तो म्हणाला, छे, मी तर इथलाच. मग आपले महेश्वर कसे म्हणतो, हे मला उमगले नाही. जिलबी चांगली होती.

विहीणबाईंचे नाव राधाबाई. दारात भाकरतुकडा ओवाळून टाकायला त्या स्वतः आल्या. गोरी, ठेंगणी, हसरी बाई. मला त्या लग्नापासून आवडत नाहीत. कारण एवढेच, की पहिल्या दिवाळीला गोदा माहेरी आली, मी तिच्या डोक्याला तेल घालायला बसले, तर म्हणाली, "सासूबाईंचा हात हलका आहे गं." सोळा-सतरा वर्षे माझ्या हाताखाली डोके दिले, तेव्हा हात जड आहे हे तिला कळले नव्हते.

गोदा आतून आली. अंगाने भरली होती, तेज आले होते. मला आनंद व्हायला हवा होता. मी मनात म्हटले, हिला यांनी एवढे काय खायला घातले.

मी कळशी पुढे केली. राधाबाईंनी ती दोन्ही हातांनी घेतली, डोळ्यांना लावली आणि देव्हाऱ्यात नेऊन ठेवली. पाणी गोदाने प्यावे म्हणून आणले होते. देवाच्या पुढ्यातून उचलून आणा, असे कसे म्हणणार. मग त्यांनी मला त्यांचे पाणी दिले. गावाला जमिनीखालून पाणी येते, बादशाही काळापासून. डोंगराच्या पोटातले पाणी एका कुंडीतून दुसऱ्या कुंडीत उतरत गावात पोचते. गार, गोड, हलके. मी दोन भांडी प्यायले आणि कसे आहे ते बोलले नाही.

जेवताना राधाबाई वाढता वाढता म्हणाल्या, "समधनजी (विहिणीला तिकडे समधन म्हणतात), बाळंतपण तर आपल्याकडेच होईल ना. याच्यात सोचायचं काय?"

माझा घास हातात राहिला. इतक्या गोड तोंडाने त्यांनी माझी मुलगी ठेवून घेतली. आपल्याकडेच, म्हणजे त्यांच्या घरी, बुऱ्हाणपुरात. मी भाऊजींकडे पाहिले. ते जेवत होते.

पुढचे दोन दिवस मी तिथे पाहुणी म्हणून राहिले आणि वैरीण म्हणून बोलले. राजघाटावर तापीला नेले, तर मी म्हटले, घाट लहान आहे, महेश्वरचा पाहिला की डोळे दिपतात. किल्ला दाखवला, तर म्हटले, पडका आहे, आमच्या सरकारात असता तर डागडुजी झाली असती. शेजारणी मला पाहायला आल्या. त्यांनी विचारले, तुमच्या राज्यात राणी बोलवील तेव्हा बायकांना जावे लागते का? मी म्हटले, जावे लागत नाही, जायला मिळते. तुमची राणी तर तुम्हाला बोलवायचीच नाही. त्या हसल्या. राधाबाईही हसल्या. त्या चिडत नव्हत्या, आणि त्याने मी जास्त चिडत होते.

दुपारी त्या दराबा करायला बसल्या. दराबा म्हणजे रवा, साखर आणि तूप हाताने फेसून फेसून लोण्यासारखे मऊ करायचे. फार वेळ हात चालवावा लागतो. गोदा त्यांच्या पाठीला टेकून बसली होती आणि बोट घालून चाटत होती. सासूच्या पाठीला टेकून बसलेली सून मी आयुष्यात पाहिली नव्हती. मला आमच्या गल्लीतल्या बाईचे बोलणे आठवले, की तिकडे सुनांना धाक नाही. खरेच नव्हता. आणि तो नसल्याचे मला इतके वाईट का वाटावे, हे मी स्वतःला विचारले नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मला परत निघायचे होते. चुलीपाशी राधाबाई आणि मी दोघीच होतो. मी म्हटले, "तुमच्याकडे सगळं आहे. दवाखाना आहे, सोन्याची तार आहे, जमिनीखालचं पाणी आहे. माझ्याकडे एक मुलगी होती. तिचं पहिलं बाळंतपणही तुम्ही ठेवून घेतलंत."

त्या फुंकणी हातात धरून माझ्याकडे पाहत राहिल्या. "मी कुठं ठेवलं? मी तर पहिल्या दिवशीच म्हटलं, आपल्याकडेच होऊ द्या."

"तेच तर म्हणतेय मी."

"मग?"

"मग काय? तुमच्याकडेच ना?"

"नाही हो. आपल्याकडे."

आवाज ऐकून गोदा आली. दोघींचे ऐकून घेतले आणि पोट धरून हसायला लागली. राधाबाईंनी आधी तिला खाली बसवले. मग ती म्हणाली, "आई, इथे मान देऊन बोलायचं तर 'तुम्ही' म्हणत नाहीत, 'आपण' म्हणतात. हिंदीतल्या आपसारखं. सासूबाई म्हणाल्या आपल्याकडे, म्हणजे तुमच्याकडे. महेश्वरला. दवाखान्याचं तर ह्यांच्याच डोक्यातलं होतं. सासूबाईंनी माझी पेटी तू यायच्या आधीच भरलीय."

राधाबाईंनी मला आतल्या खोलीत नेले. पेटीत जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी होती, टोपडी होती, डिंक, बाळंतशोपा, आणि वर फडक्यात बांधलेला दराबा. तो त्या गोदासाठी फेसत होत्या, वाटेत खायला. त्या म्हणाल्या, "पहिल्या वेळी पोरीला आईच पाहिजे, समधनजी. माझी तर आईच नव्हती तेव्हा." एवढेच म्हणाल्या आणि दूध उतू जाते का ते पाहायला गेल्या.

मी भांडायला आलेली बाई. ज्याच्यासाठी भांडत होते ते पेटीत घडी घालून ठेवलेले होते. मला तेव्हाही त्यांचा हेवाच वाटला. पहिल्यापेक्षा जास्त.

त्यांनी माझी आणि गोदाची ओटी भरली. मी त्यांना महेश्वरी लुगडे दिले. काठ हातात घेऊन त्या म्हणाल्या, "आपली कारागिरी काय सुंदर आहे." आता मला अर्थ कळत होता. मी म्हटले, "काठातली जर तुमचीच आहे." तिथल्या मुक्कामात एवढे एक वाक्य मी नीट बोलले.

परतीच्या गाडीत पुन्हा खंडवा, पुन्हा हमाल. या वेळी हातात कळशी नव्हती. ती बुऱ्हाणपूरच्या देव्हाऱ्यात राहिली. जनानी डब्यात सनावदच्या एका बाईने इंग्रजी मुलखाची चौकशी केली. मी म्हटले, ताक घट्ट असते. तिला ते पटले नाही. लोकांना शेजारच्या मुलखाविषयी जे ठाऊक असते ते पाहून आलेल्या माणसाच्या सांगण्याने बदलत नाही. मी स्वतः पाहून आले होते आणि माझेही फारसे बदलले नव्हते.

घरी पोचलो. गल्लीतल्या बायका जमल्या. गोदाला पाटावर बसवले, पायांवर पाणी घातले. मी आत जाऊन माठातले नर्मदेचे गार पाणी भांड्यात भरून आणले आणि तिच्या हातात दिले. इतक्या महिन्यांनी तिने ते तोंडाला लावले. एक घोट घेतला, मग दुसरा. भांडे खाली ठेवले.

"आमच्याकडचं पाणी हलकं आहे," ती म्हणाली.

'आमच्याकडचं' या शब्दाचा अर्थ कुणाला मला समजावून सांगावा लागला नाही.