माळ्याच्या बुटांचा चिखल

मंडळी, आज मला फार लाज वाटतेय, म्हणून इथं लिहितेय.

लहानपणी मी जिच्यावर जीव टाकायचे, ती शाळकरी गुप्तहेरांची मालिका सकाळी लेकीला दाखवत होते. बुटांना चिखल लागलाय एवढ्यावरून मुलं माळ्याला चोर ठरवतात. तिथं लेक हसली. "आई, माळ्याच्या बुटांना चिखल असणारच की!"

मला हसू आलं नाही.

चौसाळ्याजवळच्या आमच्या गावात दुष्काळ होता, तेव्हा दूध सोसायटीच्या टाकीतलं पाणी रोज कमी व्हायचं. मी आणि मैत्रिणीनं मालिकेतल्यासारखा तपास केला. धुळीत ओली पावलं दिसली. ती टाकीमागच्याच घराकडे, शांताबाईंच्या दारापर्यंत गेली होती. आम्ही चेअरमनकाकांना सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून शांताबाईंचं काम बंद झालं आणि आम्हाला शाबासकी मिळाली.

शांताबाईंचं काम काय, तर सोसायटीतले दुधाचे कॅन धुणं. त्यांचे पाय ओलेच असणार ना! हे मला आज कळलं, तेही लेकीमुळे.

दुपारी भावाकडून नंबर घेऊन त्यांना फोन केला, सगळं सांगितलं, माफी मागितली. त्या म्हणाल्या, "लई वर्सं झाली बाई. पण तवा मला कुणी इचारलंच न्हाई. टाकी खालून गळत हुती, ते म्या सांगितलं असतं."

माफ केलं, असं त्या म्हणाल्या नाहीत. मीही आग्रह धरला नाही.

तुम्ही कधी कुणाला असं, एका शब्दानं न विचारता, चोर ठरवलंय का?