भित्रेपणात न बसणारा प्रश्न

साठच्या दशकात सांगलीत ग्रामसेविकांच्या निवडीची प्रश्नावली तपासण्याचे काम माझ्याकडे होते. भित्रेपणाचे गुण जास्त आले की उमेदवार बाद होई. माणदेशातली एक बाई एकाच प्रश्नामुळे बाद होत होती: ‘वडीलधाऱ्यांसमोर बोलणे टाळता का?’ तिने ‘होय’ लिहिले होते.

मी तिला कारण विचारले. ती हसली. ‘आवं बाई, सासऱ्याम्होरं बोलत न्हाईत आमच्यात. भ्यायचं काय त्यात? मेंढरांत लांडगा आला तर काठी मीच उचलती.’

एकीच्या बोलण्यावर प्रश्न काढता येत नाही. म्हणून सगळ्यांची उत्तरे घेऊन, कोणते प्रश्न एकमेकांबरोबर जातात ते मी हाताने फिरवायच्या गणकयंत्रावर काढले. अंधार, प्रवास, परका माणूस यांच्या भीतीचे प्रश्न एका गटात आले. हा प्रश्न मात्र डोक्यावरचा पदर आणि नवऱ्याचे नाव न घेणे, या रीतींच्या प्रश्नांच्या गटात गेला. तो भीती मोजतच नव्हता.

हा प्रश्न वगळा, असे मी सांगितल्यावर साहेब म्हणाले, ‘प्रश्नावली छापून आलीय. ती बदलणाऱ्या तुम्ही कोण?’

‘मग बाद झालेल्यांच्या यादीवर माझी सही मिळणार नाही.’

‘नोकरी जाईल, बाई.’

‘जाऊ द्या,’ मी म्हणाले. तेव्हा माझ्याही डोक्यावर पदर होता.