एकच रुंद भेग

इतवारीच्या बाजारात कापड घेत होतो. मागून सुधाकरच्या मेहुण्याने खांद्यावर हात ठेवला. "भाऊजी गेले जी..." त्याला आता महिना होऊन गेला. रडू येत नाही, राग येतो. म्हणून लिहायला बसलो आहे.

सुधाकर गजभिये आणि मी नागपूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात बरोबरच अधिव्याख्याते झालो. सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. काँक्रीटमध्ये पोलादी तारेचे बारीक तुकडे मिसळून तो प्रयोगशाळेत तुळया ओतायचा आणि यंत्राखाली मोडायचा. साध्या तुळईला एक भेग पडते, ती रुंदावते आणि तुळई जाते. त्याच्या तुळयांना केसासारख्या पुष्कळ भेगा पडत, आणि तारा त्या धरून ठेवत. भिंग माझ्या हातात देऊन म्हणायचा, "पाय गा, तुटून राहिली, पण सोडून नाही राहिली!"

हे सगळं आमच्या विभागप्रमुखांनी दिल्लीच्या परिषदेत स्वतःच्या नावावर वाचलं. सुधाकरने जाब विचारला, तर म्हणाले, "तुम्हा लोकांना इथवर येऊ दिलं, तेवढं पुरे नाही का?" सुधाकरच्या घरच्यांनी छप्पन्न साली दीक्षा घेतलेली. 'तुम्हा लोकांना' म्हणजे काय, ते त्याला नीट कळलं. तो भांडला नाही... थांबला.

पुढे बाहेरचे पाहुणे यायचे ठरले. त्यांच्यापुढे प्रयोग करून दाखवायला विभागप्रमुख साहेबांनी स्वतः उभं राहून तुळई ओतून घेतली. तारा थोड्या थोड्या भुरभुरवायच्या असतात, नाहीतर त्यांचे गोळे होतात. साहेबांनी सगळ्या एकदम ओतायला लावल्या. मी तोंड उघडणार, तोच सुधाकरने माझं मनगट दाबलं. "चूप राय गा."

पाहुण्यांसमोर तुळईला एकच रुंद भेग पडली आणि धाडकन दोन तुकडे खाली आले. कुणीतरी हसलं.

"गजभिये, हे असं का झालं?"

"सर, शोध तुमचा हाये. तुमालेच ठाऊक असंन."

त्या एका वाक्यापायी साहेबांनी त्याची पीएच.डी. अडवली, बढती अडवली. तरी तो दिवस आठवून सुधाकर शेवटपर्यंत पोट धरून हसायचा.

शोकसभा त्याच प्रयोगशाळेत झाली. निवृत्त झालेले साहेब आले आणि माईक धरून म्हणाले, "माझा लाडका शिष्य..." पहिल्या रांगेतून सुधाकरची बायको, कुसुमवहिनी, उठली. आवाज चढवला नाही. "सर, ते तुमचे शिष्य नवते. त्याईचं काम चोरलं तुमी. खाली बसा."

साहेबांनी आधार मागितल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. मी उठलो, त्यांच्या हातातला माईक काढून घेतला आणि वहिनींना नेऊन दिला.