चोरून आणलेला वेल

दादाचा फोन आला तेव्हा मी नाशिकला भाजीची पिशवी घेऊन जिना चढत होतो. एरवी दादा आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी करतो, मग पाऊसपाण्याची, आणि कामाचं काही असलं तर ते सगळ्यात शेवटी बोलतो. त्या दिवशी त्यानं एवढंच विचारलं, "लगेच निघता येईल का रे?" आणि पुढं बोलेचना... मी पायरीवरच बसलो. सुमनवहिनी गेल्या होत्या. दुखणं काही महिन्यांचं होतं, डॉक्टरांनी कल्पना दिलेली होती, मनाची तयारी वगैरे आम्ही सगळ्यांनी केली होती. पण अशी तयारी कुणाची होत नसते, हे मला त्या जिन्यात कळलं. नात्यानं त्या माझ्या थोरल्या भावजय. पण आई मी शाळेत असतानाच गेलेली, त्यामुळं ताटात न विचारता आणखी एक भाकरी टाकणारं माणूस मला तेवढं एकच होतं.

आमचं गाव शेंद्रा. तेव्हा तिथं कारखाने नव्हते, बाजरी आणि कापूस होता. दादाला वाळूजला कंपनीत नोकरी लागली, त्यानं शहरात, गारखेड्यात दोन खोल्या घेतल्या आणि आई गेल्यावर आबांना, म्हणजे आमच्या वडिलांना, आणि मला तिकडं नेलं. मी कॉलेजात जायचो. आबा देहानं गारखेड्यात आणि जिवानं शेतात. सकाळी उठले की गच्चीवर जाऊन आभाळ बघायचे आणि खाली येऊन आम्हाला ते कसं आहे ते सांगायचे. आमच्यापैकी कुणालाच त्याचा काही उपयोग नव्हता. वहिनी तेवढ्या ऐकून घ्यायच्या, "हो का, मामा?" म्हणायच्या. सासऱ्यांना त्या मामा म्हणत.

लग्नाला बरीच वर्षं झाली तरी वहिनींना मूल नव्हतं. दर महिन्याला त्या एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात जाऊन बसायच्या. तिथं बाकाशेजारी कुंडीत मनीप्लांट होता. एकदा नंबर यायला फार उशीर लागला, आणि आत गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी नेहमीचंच सांगितलं. बाहेर येताना वहिनींनी त्या वेलाचं एक टोक चक्क खुडलं आणि ओल्या रुमालात गुंडाळून घरी आणलं. आयुष्यात कुणाची काडी न उचललेली ही बाई! शेजारच्या रझियाआपांना हसू आवरेना. "चुराके लाई ना? फिर तो लगताच," त्या म्हणाल्या. आणि लागलाच तो. आधी बाटलीत, मग डालड्याच्या डब्यात. वहिनींनी तो पुढच्या खोलीत पाण्याच्या माठाजवळ ठेवला. माठ पाझरतो, तिथं गारवा असतो, आणि आमच्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात या दमट मुलखातल्या वेलाला तेवढाच आधार. तांदळाचं धुवण घालायचं, पानं ओल्या फडक्यानं पुसायची, भिंतीला दोरा बांधून शेंडा वर चढवायचा. त्या म्हणायच्या, लोंबता ठेवला की पानं बारकी राहतात, चढायला मिळालं की मोठी होतात.

नळाला तेव्हाही रोज पाणी नसायचं. ज्या दिवशी यायचं त्या दिवशी घरातली सगळी भांडी दारात. अशाच एका दिवशी आबांनी वहिनींना वेलाला तांब्याभर पाणी घालताना बघितलं. "ना फूल, ना फळ," आबा म्हणाले. "असल्याला घरात ठिवून पाणी पाजायचं म्हंजी..." पुढचं त्यांनी गिळलं, पण जे बोलायचं ते बोलून झालं होतं. आबांच्या मनात वेलच होता, याची मी आजही शपथ घ्यायला तयार आहे. पण वहिनींचा हात थांबला. उरलेलं पाणी त्यांनी परत घागरीत ओतलं आणि आत गेल्या.

आग लागायला तेवढं पुरे होतं, आणि तेल घेऊन आमची आत्या आलीच. तिनं दादासाठी दुसरं स्थळ आणलं होतं. "वंश बुडवता का काय?" ती आबांना म्हणाली, ते सुद्धा वहिनी पलीकडच्या खोलीत भाकरी थापत असताना, चांगलं मोठ्यानं. आबा उठून गच्चीवर गेले. दादाकडं मी बघितलं, तर त्यानं डबा उचलला आणि कंपनीच्या बसला निघून गेला. हो नाही, नाही नाही. भाकरी थापल्याचा आवाज मात्र शेवटपर्यंत थांबला नाही. दुसऱ्या दिवशी वहिनी म्हणाल्या, "कन्नडला जाऊन येते. आईला बघावंसं वाटतंय." कपड्यांची पेटी फार जड होती. चार दिवसांसाठी कुणी एवढे कपडे नेत नाही हे मलाही कळत होतं, मग दादाला कळलं नसेल का?

त्या गेल्या आणि घराचा आवाजच गेला. आबांना गच्चीवरचं आभाळ सांगायला माणूस उरलं नाही. दोन-तीन दिवसांनी त्यांचं लक्ष वेलाकडं गेलं. पानं मलूल झाली होती. बस्स, आबांमधला शेतकरी जागा झाला. "झाड कुठं सावलीत ठिवत्यात व्हय?" म्हणत त्यांनी डबा उचलून गच्चीवर भर चैत्राच्या उन्हात ठेवला. गावाकडून युरिया मागवला आणि चांगली मूठभर घातला. मी म्हणालो, "आबा, लई झालं." "कापूस पिकवला म्या," आबा म्हणाले, "मला शिकवतो?" मग रोज दोन्ही वेळा त्याच्यापुढं उकिडवे बसायचे. पानं आधी पांढरी पडली, मग कडेनं करपली, मग देठ पिळल्यासारखा झाला. जन्मभर शेत पिकवलेल्या माणसाच्या हातून एक मनीप्लांट मेला, आणि तोही लाडानं मेला! मला आधी हसू आलं. पण आबांनी तो वाळका देठ हातात धरला होता आणि ते म्हणत होते, "आता तिला काय सांगावं?" तेव्हा माझं हसू विरलं.

रझियाआपांनीच तोड सांगितली. "चाचा, दुसरा लगाओ. पन मांगके नको, चुराके लाना पडता." आबांनी जन्मात कुणाच्या शेतातलं कणीस तोडलं नव्हतं. संध्याकाळी मला म्हणाले, "सायकल काढ." धोतर आवरून कॅरिअरवर बसले. सिडकोकडं एका बंगल्याच्या कुंपणावरून वेल बाहेर आला होता. आबा उतरले, दोन्हीकडं बघितलं आणि हात घातला... आणि आतून आवाज, "कोण आहे?" पांढऱ्या मिशांचे मालक फाटकात येऊन उभे. मी सायकल वळवून तयार ठेवली. मालकांनी मुंडासं पाहिलं, धोतर पाहिलं, आबांच्या मुठीतला शेंडा पाहिला. म्हणाले, "अहो बाबा, मागितला असता तर दिला असता की. थांबा, कात्री आणतो."

"नका नका, सायेब," आबांनी हात जोडले. "दिऊ नका. दिला तर लागत नाय म्हणत्यात. मला चोरायचाय. सून रुसून गेलीय हो... तुमी जरा तिकडं तोंड करता का?"

मालकांनी एक क्षण बघितलं आणि सरळ पाठ फिरवली. वर आणखी आपल्या घराकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "आज जरा वारं सुटलंय, नाही का?" आबांनी उसाचं बेणं बघावं तसा डोळा, म्हणजे फुटवा येणारी गाठ, बघून खिशातल्या सुरीनं हातभर वेल कापला. परत येताना कॅरिअरवरून त्यांचा आवाज येत होता, "लई मोठं मानूस. लई मोठं."

दुसऱ्या सकाळी आबा पाण्याच्या बाटलीत तो वेल घेऊन एस.टी.नं कन्नडला गेले. एकटे. तिथं जाऊन त्यांनी व्याह्यांशी धड रामराम केला नाही, चहाला हात लावला नाही. ओसरीवर बाटली ठेवली आणि म्हणाले, "पोरी, तुझा येल माझ्या हातानं मेला. ह्यो चोरून आणलाय. मला जमंना बघ. घरी चल." वहिनी त्याच दिवशी आल्या. आठवड्यानं आत्या पुन्हा ते स्थळ घेऊन आली, तेव्हा आबांनी तिला दारातच थांबवलं. "मला सून हाय," म्हणाले. त्या घरात तो विषय परत निघाला नाही.

पुढची वर्षं सुखाची गेली, असं मी बिनदिक्कत लिहितो. आबांनी बांबूला काथ्याची दोरी घट्ट गुंडाळून वेलाला खांब करून दिला. वेलानं दोरीत मुळं रोवली आणि बघता बघता छताला टेकला, मग भिंतीभिंतीनं फिरला. पानं तळहाताएवढी झाली, मग ताटलीएवढी. पाणी घालायचं कुणी, यावरून सासरा-सून भांडायचे. वहिनी बोट मातीत खुपसून बघायच्या आणि ओल लागली तर आबांचा तांब्या काढून घ्यायच्या. "मामा, हा कापूस नाही." "नाय गं, ठाऊक हाय." वेल मागायला आलेल्या बायकांना वहिनी कधी हातानं द्यायच्या नाहीत. मुळं फुटलेली फांदी बाटलीत घालून खिडकीत ठेवायच्या आणि "मी चहा टाकते" म्हणून आत जायच्या. साध्यासरळ बायका चोरी करायला लाजायच्या, मग आबा खुणेनं सांगायचे, घ्या, घ्या! आबा शेवटी अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांची खाट त्याच खोलीत होती. त्यांचं सगळं वहिनींनी केलं. नवं पान सुरळीतून सुटलं की आबा बोट वर करायचे, आणि वहिनी हातातलं काम टाकून बघायला यायच्या.

दिवाळीनंतर मी वहिनींना दवाखान्यात भेटलो ते शेवटचं. दादा औषधं आणायला खाली गेला होता. त्या फार बारीक झाल्या होत्या, पण बोलणं तसंच, जपून आणि हसून. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर एकदम म्हणाल्या, "भावजी, मामा आले ना कन्नडला, तेव्हा त्यांची बाटली गाडीत सांडली होती. धोतर गुडघ्यापर्यंत ओलं. असा माणूस एकटा परत कसा पाठवायचा?" मी हसलो. त्याही हसल्या. मग खिडकीकडं बघत म्हणाल्या, "फाट्यावर एस.टी. थांबली ती मला ओसरीवरून दिसली. मामा उतरले. मग मी बघत राहिले, मागून आणखी कुणी उतरतंय का... गाडी गेली, धुरळा बसला, तरी बघत होते." एवढ्यात दादा आला. वहिनींनी त्याच्या हातातल्या गोळ्या घेतल्या आणि "जेवलात का?" म्हणून विचारलं.

दहाव्याला गावाकडचा एक म्हातारा माझ्या कानाशी पुटपुटला, "चांगली व्हती बिचारी. पर मागं कोण बी नाय." मला त्याचा संताप आला. तो सुद्धा ज्या पंगतीत जेवत होता तिथं अर्धा गारखेडा वाढायला उभा होता. मी त्याच्या पानात आणखी वाढलं. दुखवट्याच्या घरात भांडू नये म्हणतात.

परवा पुन्हा गेलो. दादा पुढच्या खोलीत वेलासमोर खुर्ची टाकून बसला होता. खालची पानं पिवळी पडली होती, कुंडीतली माती चिखल झालेली. "किती पाणी घालतोस रे?" मी म्हणालो. "आठवण आली की घालतो," दादा म्हणाला. मी पिवळी पानं खुडायला लागलो. मग, मी काही न विचारता, तो म्हणाला, "तिला आणायला आबा गेले होते."

"व्हय की."

"मी जायला पाहिजे होतं." तो वेलाकडं बघत होता. "दोन दिवस रजा मिळाली असती रे. एवढा संसार केला आमी, पर तिनं एकदा बी विचारलं नाय, तुमी का नाय आलात म्हणून. एकदा तरी विचारायचं..."

वहिनी जे बोलल्या होत्या ते माझ्या अगदी ओठांवर आलं. मी ते आत ढकललं. ते त्याला कधीच सांगणार नाही. दादानं डोळे पुसले, आत जाऊन फडकं भिजवून आणलं आणि हात पोचेल तिथपर्यंतची पानं पुसायला लागला. एकेक पान, खालून-वरून, दोन्ही बाजूंनी. छताजवळच्या पानांवर धूळ बसली होती. दादानं स्वयंपाकघरातलं लाकडी स्टूल ओढत आणलं. सत्तरी ओलांडलेला माणूस, त्यात डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. मी म्हणालो, "राहू दे दादा, पडशील. मी चढतो."

"नाय," तो म्हणाला. "मलाच जाऊ दे. तू फक्त धर."

मी स्टूल धरून उभा राहिलो.