मोमोयोचा खिळा

मे महिन्याच्या पाच तारखेला कानेसावा गावात पोरांचा सण. घराघरांत पोरांना मधल्या खांबाला पाठ लावून उभं करायचं आणि डोक्यावर सुरी आडवी धरून खांबाला खूण करायची, ही तिथली जुनी रीत. गेल्या वर्षीच्या खुणेपेक्षा पोरगं किती वाढलं ते बघून आजोबा खूश, आणि कमी वाढलं असेल तर सुनेच्या स्वयंपाकाचा उद्धार. त्या दिवशी सगळं गाव घरात खांबाशी, आणि हात्सुए मात्र पाठीला डबा बांधून शाळेच्या डोंगराकडे निघालेली. डब्यात भाताचे दोन गोळे आणि धुरी दिलेल्या मुळ्याचं लोणचं. हातात कोयता.

"काय हात्सुए, माहेरपण वाटतं आज?" रस्त्यावरून कुणीतरी हमखास विचारी. तिचं माहेर आणि सासर एकाच गल्लीत, तेव्हा या थट्टेला धार यायची.

"हो ना. तुमच्या तोंडापासून तेवढीच दोन घटका सुटका," ती म्हणे आणि चालू लागे.

शाळेच्या मुदपाकखान्यात तिची उभी हयात गेली. गावातलं एकही पोर तिचं सूप प्यायल्याशिवाय मोठं झालेलं नाही, आणि भोपळा ताटात टाकून एकही पोर तिच्या नजरेतून सुटलेलं नाही. अशी ही खमकी बाई वर्षातून एकदा डोंगरावर जाऊन एका देवदाराशी गप्पा मारून येते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. का जाते, हे मात्र तिच्या वयाच्यांनाच माहीत.

तो डोंगर शाळेच्या मालकीचा. हात्सुए जन्मायच्या आधी गावकऱ्यांनी त्यावर देवदाराची रोपं लावली होती. लावणाऱ्यांचा हिशेब सरळ होता: आत्ताची शाळा कधीतरी जुनी होईल, तेव्हा नातवंडांनी लाकडासाठी कुणाच्या दारात जायला नको. पहिलीत आलेल्या प्रत्येक पोराला एक झाड नेमून दिलं जाई आणि नावाची पाटी गवताच्या दोरीनं झाडाला बांधली जाई. बर्फ वितळलं की पोरांची वरात डोंगरावर. हिवाळाभर बर्फाच्या ओझ्याखाली आडवी झालेली झाडं दोरी लावून ओढायची, सरळ करायची, खुंटीला ताणून बांधायची. हात सोलवटत, गाणी म्हटली जात, मास्तर ओरडत. शाळाही तेव्हा लाकडीच होती. तांदळाच्या कोंड्याच्या पुरचुंड्यांनी पोरं जमीन घासत, आणि ती इतकी गुळगुळीत होई की मुख्याध्यापकसुद्धा जपून पावलं टाकत. त्या जमिनीचा तो भाजक्या कोंड्याचा वास हात्सुएच्या नाकातून कधी गेलाच नाही. तसा वास आता कुठे येत नाही, आणि याचं तिला मनापासून वाईट वाटे.

हात्सुएच्या शेजारचं झाड मोमोयोचं. घरही शेजारचंच. मोमोयो म्हणजे दांडगाई. कुत्रं आडवं आलं की हात्सुए तिच्या पाठीमागे लपे, पोरांनी चिडवलं की मोमोयो जाऊन बुकलून येई. हात्सुएच्या लेखी सबंध गावात मोमोयोएवढं मोठं माणूस नव्हतं.

दोघी तिसरीत असताना मोमोयोच्या बापानं कोळशाच्या भट्ट्या विकल्या आणि बायकापोरांना घेऊन ब्राझीलला जायचं ठरवलं. बोट लागायला थोडे दिवस उरले होते. त्या वर्षीच्या पाच मेला मोमोयो हात्सुएला ओढतच डोंगरावर घेऊन गेली. बापाच्या पेटीतला एक लांबलचक खिळा आणि हातोडी तिनं कमरेच्या पट्ट्यात खोचली होती. झाड तेव्हा जेमतेम मनगटाहून थोडं जाड. मोमोयो त्याला पाठ लावून ताठ उभी राहिली.

"हात्सु, ठोक माझ्या डोक्यावर."

"काय?"

"खिळा गं! डोक्यात नव्हे, डोक्यावर. नीट बघून ठोक, नाहीतर ब्राझील राहील बाजूलाच."

"पण खूण घरच्या खांबावर करायची असते."

"घर आता विकत घेणाऱ्यांचं झालं. ते रंधा मारतील, पुसतील. झाड माझं आहे. झाड वाढेल तसा खिळापण वर वर जाईल. तिकडे मी वाढेन, इकडे खिळा वाढेल. परत आले की बघू कोण जिंकलं."

"आणि तोवर झाड तोडलं तर?"

"तोडू देत की! याची शाळाच करणार ना? मग शाळेत बघू. तू फक्त लक्ष ठेव. दुसरीकडे नेऊ द्यायचं नाही कुणाला."

"नाही नेऊ देणार," हात्सुए म्हणाली, आणि रडत रडत तिनं खिळा ठोकला. मोमोयो रडली नाही. निदान हात्सुएनं तसं पाहिलं नाही.

झालं. दुसऱ्या दिवशी वर्गात बातमी फुटली आणि प्रत्येकाला आपापला खिळा हवा झाला. मास्तरांनाही ही कल्पना इतकी आवडली की तिसरीतल्या पोरांनी दर वर्षी झाडावर आपली उंची ठोकायची, असा रिवाजच पडला. लाकूडतोड्या बापांनी कपाळाला हात लावला, पण मास्तरांपुढे बोलणार कोण?

हात्सुए दर वर्षी खिळा बघायला जाऊ लागली. खिळा काही वर गेला नाही. झाड शेंड्याला वाढत होतं आणि खिळा आपला जागच्या जागी. चौथीत तो हात्सुएच्या कपाळाशी आला, सहावीत हनुवटीशी. मोमोयो हरत होती आणि हात्सुएला ते बघवत नव्हतं. पत्रं दोन हिवाळे आली, मग थांबली. पुढे पाटी कुजून पडली, झाडानं खिळा गिळला आणि सालीवर नुसती एक खळगी उरली, बेंबीसारखी.

जुनी शाळा खरोखरच जुनी झाली तेव्हा हात्सुए मुदपाकखान्यात लागलेली होती. पण तेव्हा जमाना काँक्रीटचा. सरकारी पैसा काँक्रीटला, कौतुक काँक्रीटचं. डोंगरावरची झाडंही अजून कोवळी होती. करड्या ठोकळ्यासारखी शाळा उभी राहिली. हिवाळ्यात भिंतींना घाम फुटे, उन्हाळ्यात वर्गांची भट्टी होई, आणि रॉकेलच्या शेगडीच्या वासानं पोरांची डोकी चढत. खोकणारी पोरं सुपाच्या भांड्याभोवती ऊब घ्यायला येत तेव्हा हात्सुए खिडकीतून डोंगराकडे बघे आणि मनात म्हणे, थांब गं बाई, थांब.

ती थांबण्यातच म्हातारी झाली. केस पिकले, नवरा गेला, नात शाळेत जाऊ लागली. आणि मग एके दिवशी निशिवाकी नावाची तरुण वास्तुकार बाई गावात आली. नवी शाळा डोंगरावरच्याच लाकडाची करायची, असा तिचा आराखडा. छपराची वळचण अशी लांब, की उन्हाळ्याचं ऊन बाहेर थबकावं आणि हिवाळ्याचं तिरपं ऊन वर्गात शिरावं. वारा खालून येऊन वरच्या झरोक्यांतून जावा. भिंतींत लाकडाचा भुसा कोंबायचा, फांद्यांच्या तुकड्यांवर शेगडी चालवायची, बर्फाचं पाणी टाकीत साठवायचं. ऐकून हात्सुए घरी आली आणि देवघरातल्या नवऱ्याच्या फोटोपुढे दिवा लावून म्हणाली, "ऐकलंत का, झाडं शाळेत निघाली."

पहिलं झाड गेन्पेईच्या सॉ मिलमध्ये गेलं आणि तासाभरात गेन्पेई लालबुंद होऊन रस्त्यावर आला. खिळ्यावर आपटून करवतीचं पातं तुटलं होतं. डोंगरावर लोखंड शोधायचं यंत्र लावून पाहिलं तर जवळजवळ प्रत्येक झाडात लोखंड. नगरपालिकेच्या माणसानं गावाची सभा बोलावली.

"हे लाकूड कापता येत नाही. बाहेरून मागवू," तो म्हणाला. "परदेशी लाकूड बोटीनं येतं, वेळेत मिळतं."

"डोंगर समोर दिसतोय आणि लाकूड समुद्रावरून आणायचं?" निशिवाकीचा आवाज चढला. "मग मी हा आराखडा काढला कशासाठी? हवी तर शाळा काँक्रीटचीच बांधा परत!"

"बाई, माझं पातं कोण देणार?" गेन्पेई म्हणाला. "झाडाझाडात खिळे आहेत."

हात्सुए मागच्या रांगेत बसली होती.  दुसरीकडे नेऊ द्यायचं नाही, असा शब्द तिनं दिला होता, आणि आता झाडं दुसरीकडेसुद्धा नाही, डोंगरावरच कुजणार होती. तीही तिनंच सुरू केलेल्या खिळ्यांपायी.

निशिवाकीनं जरा दम घेऊन विचारलं, "खिळे आहेत तरी किती उंचीवर?"

 बसलेली म्हातारी माणसं एकेक करून उठली आणि प्रत्येकानं आपापला तळहात जमिनीपासून वर आडवा धरला. टकलू गेन्पेईनं धरला, पोस्टातल्या निवृत्त साहेबांनी धरला, हात्सुएनं धरला. सबंध सभागृहभर म्हातारे तळहात एकाच उंचीवर तरंगत होते, जणू प्रत्येकाच्या हाताखाली तिसरीतलं एक पोर उभं होतं. निशिवाकी बघतच राहिली आणि मग हसता हसता तिनं डोळे पुसले.

"सगळे इथंच? मग एवढा खालचा भाग छाटू," ती म्हणाली. "खांब आखूड पडतील, पण पहिल्या लाकडी शाळेच्या पायाचे दगड अजून मैदानाच्या कडेला पडलेत ना? ते खांबांखाली घेऊ. बर्फाच्या ओलीपासून लाकूडही वाचेल."

टाळ्या पडल्या. गेन्पेईनंसुद्धा वाजवल्या. नाही वाजवल्या त्या हात्सुएनं. छाटलेला खालचा भाग शेगडीतच जाणार, हे तिला कुणी सांगायला नको होतं. झाड शाळेत जाणार, पण मोमोयो नाही.

दुसऱ्या दिवशी ती सॉ मिलच्या दारात उभी.

"मोमोयोचं झाड छाटायचं नाही, गेन्पेई."

"तुला काय वेगळा कायदा? माझाही खिळा आहे त्यात. मी रडतोय का?"

"तू कशाला रडशील? तू गावातच आहेस. तुझा खिळा जळाला तरी रोज सकाळी रस्त्यावर खाकरताना ऐकू येतोस. तिचं या गावात दुसरं काय आहे, सांग ना. घरसुद्धा पाडलं."

गेन्पेईनं टोपी काढली, टक्कल खाजवलं, टोपी घातली. लहानपणी मोमोयोचा मार त्यानंही खाल्ला होता.

"करवत लावायची नाही म्हणतेस," तो शेवटी म्हणाला. "मग नुसती साल सोलून अख्खा गोल खांब करावा लागेल. माझं काय जातंय? पण त्या बाईंना विचार. कुठं उभा करणार हा दांडगोबा?"

निशिवाकीनं सगळं ऐकून घेतलं. आराखड्यात तिथे खांब नव्हता, पण मुख्य दारातून आत आल्यावर, पोरं बूट काढून खणांत ठेवतात तिथे, तिनं एक वाढवला. "बरं का आजी, तोडताना बुंध्याचा वीतभर भाग डोंगरावरच राहील," ती म्हणाली. "म्हणजे खिळा वीतभर खाली येईल."

"नाही चालायचं," हात्सुए म्हणाली. "तेवढीच होती ती. बुटकी नका करू तिला."

निशिवाकीनं जुन्या शाळेच्या दगडांतला बरोबर वीतभर जाडीचा दगड स्वतः शोधून आणला.

शाळा उघडली त्या दिवशी गाव लोटलं. बाहेर एप्रिलचं बर्फ अजून कडेला साचलेलं, आणि आत ऊन जमिनीवर पसरलेलं. लाकडाच्या वासानं म्हाताऱ्या माणसांचे चेहरे सैल झाले. बायकांनी हौसेनं कोंड्याच्या पुरचुंड्या शिवून आणल्या होत्या, आणि पोरं आत्ताच जमिनीवर घसरून बघत होती. तो भाजका वास हात्सुएनं इतक्या वर्षांनी छातीभर घेतला. मग ती खांबापाशी गेली. साल सोललेला देवदार मऊ, गुलाबीसर दिसत होता. खळगी तशीच होती, कडेला लोखंडाचं काळसर वर्तुळ.

"आजी, हे काय आहे?" नात धावत आली. तिसरीत नुकतीच गेलेली, दोन दात पडलेले.

"उभी राहा बघू इथे. पाठ लावून. टाचा टेकव."

नात ताठ उभी राहिली. हात्सुएनं तळहात तिच्या डोक्यावर आडवा ठेवला आणि बोटं सरळ पुढे नेली. ती नेमकी खळगीत गेली.

दर वर्षी ती ही खळगी बघत आली होती, पण तिच्याखाली पोर उभं राहिलेलं तिनं त्यानंतर कधी पाहिलं नव्हतं. तिच्या मनातली मोमोयो कुत्र्यांना हाकलणारी, पोरांना बुकलणारी, समुद्र ओलांडून जाणारी, सगळ्या गावाहून मोठी होती. आणि इथे तिच्या हाताखाली ही एवढीशी, दात पडलेली, नाक ओढणारी पोर. हिच्याच पाठीमागे ती लपत असे. या एवढ्याशा पोरीला त्यांनी बोटीत बसवून पाठवलं होतं.

"आजी, झालं का? मान दुखली."

हात्सुएनं हात काढला नाही. "अगं बाई," ती खांबाला म्हणाली, "एवढीशीच होतीस की गं तू."