त्या दिवशी तीन वाजेपर्यंत

आता तुमच्यापासून काय लपवू? मी बालाघाट नगरपालिकेत तीनदा निर्दलीय पार्षद, म्हणजे अपक्ष नगरसेवक, झालो, अन् लोकं म्हणतात, हा कोणाच्या बापाले भेत नाही. पण पहिल्या खेपेले मी चक्क फारम मागं घ्यायले निघालतो!

झालं असं, का नाव मागं घ्यायच्या आदल्या दिवशी फोन आला. समोरच्या उमेदवाराचा माणूस. आवाज एकदम थंड. "भैया, कल तीन बजे तक नाम वापस ले लो. बाल-बच्चेवाले आदमी हो."

मी फोन बंद केला, बायको-पोरं माहेरी धाडली अन् वारासिवनीले मोठ्या बहिणीकडं पळालो. दुसऱ्या दिवशी ठरवलं, कायले पाहिजे पार्षदकी? भाटव्याची, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याची, मोटरसायकल घेतली अन् बालाघाटच्या रस्त्याले लागलो.

अर्ध्या रस्त्यात आरशात पाह्यतो, तर मागं पांढरी जीप. मी जोरात, ते जोरात. मी हळू झालो, तर आतून हात दाखवून राह्यले. म्हटलं, यायले नाव नाही, माणूसच मागं घ्यायचा आहे.

कडेले राइस मिल दिसली. गाडी तिथंच सोडली अन् कोंड्याच्या ढिगामागं जाऊन दडलो. मशीनच्या आवाजात काही ऐकू येईना. फक्त दारात आलेले जोडे दिसत. ते जोडे मजुराशी बोलले अन् तिथंच खाटेवर बसले! आता निघू कसा? दोन वाजले, अडीच झाले, तीन वाजून गेले. मशीन बंद पडली, अन् नेमकी तेव्हाच मले शिंक आली.

जोडे जवळ आले. मी डोळे मिटून हात जोडले. "भैया, मी नाव मागं घेतो. मारू नका."

"आता काय घेतं? तीन वाजून गेले," भाटवा म्हणे. "तुहं ओळखपत्र घरी राह्यलतं. शेजाऱ्याची जीप मांगून द्याले आलो, तर तू पळूनच राह्यला. गाडी दिसली, म्हटलं तू गाडी घ्यायले येशीन इथंच."

बालाघाटात बोंब उठली, का धमकी आली तरी गडी तीन वाजेपर्यंत कोणाच्या हाती लागला नाही. लोकायनं भरभरून मतं देली.

निकालानंतर तो फोनवाला हार घेऊन घरी आला. म्हणे, "आपसे तो डर लगता है, भैया."

मी हसून मान हलवली. टेबलाखाली माहे पाय असे लटलट कापून राह्यलते, का कपातला चहा बशीत आला.